रोगाचे नाव आणि माणसावरचा शिक्का

रोगाला नाव देणे ही एक गोष्ट आणि माणसाला नावे ठेवणे ही दुसरी. पहिले काम वैद्याचे. दुसरे जग फुकट करते. शरीराच्या बहुतेक रोगांत ही दोन कामे वेगवेगळी राहतात. हिवताप येऊन गेला म्हणून कोणी कोणाची साक्ष खोटी मानीत नाही, की मोडलेला हात जुळल्यावर त्या माणसाचे मत हसण्यावारी नेत नाही. मनाच्या रोगाचे तसे नाही. तेथे वैद्याने दिलेले नाव दवाखान्याची पायरी उतरून गल्लीत आले की त्याचे नावे ठेवणे केव्हा झाले हे कळतसुद्धा नाही. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’, ‘ह्याला येरवड्याला पाठवा’ असे आपण सहज बोलून जातो. ह्या दोन ठिकाणी मनोरुग्णालये आहेत एवढ्याच कारणाने गावांची नावेसुद्धा आपल्या तोंडी शिवी होऊन बसली. मग तेथून बरा होऊन आलेल्या माणसाचे काय होत असेल, ह्याचा विचार आपणच करावा.

मी डॉक्टर नव्हे, आणि इतिहासाचा पदवीधरही नव्हे. माझे आयुष्य कामगारांत गेले, आणि जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटण्याची वाट पाहत वाचले. कामगाराच्या नोकरीवर त्याच्या हातातील हत्यारापेक्षा त्याच्या नावापुढील शेऱ्याचा परिणाम पुष्कळदा अधिक होतो, हे तेथे पाहावयास मिळाले. म्हणून कोणताही शेरा दिसला की मी दोन गोष्टी विचारतो. हा लिहिला कोणी? आणि ह्याच्यामुळे ह्या माणसाला काय मिळते किंवा त्याचे काय जाते? मनोविकारांच्या नावांचा इतिहास आज ह्याच दोन प्रश्नांच्या उजेडात पाहावयाचा आहे.

आरंभ अमेरिकेपासून करू. १८५१ साली लुइझियाना प्रांतात सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने निग्रो गुलामांना होणाऱ्या रोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. गुलाम मळ्यावरून पळून जातात, हा त्याच्या मते एक मनोविकार होता. त्याला त्याने ग्रीक शब्द जोडून ‘ड्रेपेटोमेनिया’, म्हणजे पळून जाण्याचे वेड, असे नाव दिले. काम मन लावून न करणे, अवजारे मोडणे, पिकाची नासाडी करणे ह्यांचा त्याने दुसरा रोग केला, आणि हे लोण्याहून मऊ नव्हे अशा शब्दांत कबूल केले की मुकादम लोक ह्याला बदमाशी म्हणतात. उपचारांत चाबूकही होता! बेडी तोडण्याची इच्छा हे रोगाचे लक्षण ठरले, आणि बेडी घालणारा मालक मात्र निरोगी. असल्या निदानाला आज कोणी शास्त्र म्हणत नाही. तरी त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. नाव कोणी दिले, तर मालकाच्या बाजूच्या माणसाने. आणि ज्याला दिले त्याला त्यावर बोलण्याचा अधिकारच नव्हता.

परंतु लबाडीने दिलेले नाव ओळखणे सोपे असते. खऱ्या दुखण्याच्या नावाचे राजकारण अधिक गुंतागुंतीचे. त्यासाठी पहिल्या महायुद्धाकडे वळले पाहिजे.

युद्ध सुरू होऊन काही महिने होतात न होतात तोच फ्रान्समधील खंदकांतून ब्रिटिश शिपाई एका निराळ्याच अवस्थेत मागे येऊ लागले. अंगावर जखम नाही. पण कोणाची वाचा गेलेली, कोणाची दृष्टी गेलेली, कोणाचे हात थांबता थांबत नाहीत. तोफेचा गोळा जवळ फुटल्याच्या धक्क्याने हे झाले अशी समजूत होती आणि तिच्यातून ‘शेल शॉक’ हा शब्द निघाला. फ्रान्समध्ये रुग्ण तपासणाऱ्या चार्ल्स मायर्स ह्या डॉक्टरने फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात ह्या नावाखाली तीन रुग्णांची हकीकत दिली. हा शब्द आपण घडविलेला नाही, असे मायर्सने पुढे स्वतःच सांगितले. तो शिपायांच्या बोलण्यातला होता, म्हणूनच त्यात मान होता. जखमी माणसाला घाबरट कोण म्हणेल?

पण हा शब्द लष्कराच्या कागदावर चढला आणि हिशेब सुरू झाला. शिपाई शत्रूच्या माऱ्याने आजारी झाला असेल तर त्याच्या नोंदीपुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर घालावे, म्हणजे तो जखमी समजला जाईल आणि त्याला जखमेची पट्टी बाहीवर लावता येईल. गोळा जवळ फुटला नसताना तो खचला असेल तर ‘एस’ घालावे, म्हणजे तो नुसता आजारी, आणि त्याला ना पट्टी ना पेन्शन, असा दंडक पडला. दोघांचीही झोप उडालेली, दोघांचेही हात थरथरणारे. फरक एका अक्षराचा, आणि त्या अक्षरावर घरची चूल अवलंबून! जून १९१७ मध्ये तर असा हुकूम निघाला की, वरिष्ठ अधिकाऱ्याचा ठराविक नमुन्यातील दाखला येईपर्यंत ‘शेल शॉक’ हे शब्दच लिहू नयेत. तोवर ‘अद्याप निदान न झालेला’ एवढेच लिहावे. म्हणजे रोग तपासावयाचा डॉक्टरने आणि त्याला नाव मिळणार की नाही हे ठरवावयाचे पलटणीच्या अधिकाऱ्याने. कामावर झालेला अपघात हा अपघातच नव्हता असे साहेबाने लिहून दिलेले कागद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत समजावून सांगावयास नको.

नावांतही वर्ग होते. अधिकारी खचला तर त्याला बहुधा ‘न्यूरॅस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंचा थकवा, असे म्हणत. शिपाई खचला तर त्याच्या वाट्याला ‘हिस्टेरिया’ येई. एकाचा थकवा कर्तव्याच्या ओझ्याने आलेला, दुसऱ्याचा दुबळेपणा जन्मजात, असा त्यातला ध्वनी होता.

ह्या हिशेबाचा शेवट कोठे होई, हे हॅरी फार ह्या शिपायाच्या गोष्टीवरून दिसते. १९१५ साली तो शेल शॉकने सुमारे पाच महिने इस्पितळात होता. हात इतके कापत की घरची पत्रे नर्सला लिहावी लागत. त्याला पुन्हा आघाडीवर धाडण्यात आले. १९१६ च्या सप्टेंबरात त्याने खंदकात पुढे जाण्यास नकार दिला. मला हे सहन होत नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याच्यावर भ्याडपणाचा खटला झाला. बाजू मांडावयास वकील नव्हता, आणि काम सुमारे वीस मिनिटांत आटोपले. ऑक्टोबरात त्याला गोळी घालण्यात आली. विधवेचे पेन्शन बंद झाले आणि कुटुंबाने ही गोष्ट वर्षानुवर्षे लाजेने झाकून ठेवली. पुढे त्याच्या मुलीने म्हातारपणी हे प्रकरण धसास लावले आणि २००६ साली ब्रिटिश सरकारने त्याच्यासह ३०६ शिपायांना माफी दिली. एका कागदावर तो रोगी होता, दुसऱ्या कागदावर भ्याड. दुसरा शिक्का पुसावयास नव्वद वर्षे लागली.

युद्ध संपल्यावर चौकशी समिती बसली. ‘शेल शॉक’ हा शब्द सरकारी कागदांतून काढून टाकावा, अशी शिफारस तिने १९२२ मध्ये केली. शब्द काढला म्हणून माणसांना झोप लागू लागली असे अर्थातच झाले नाही.

ह्याची दुसरी बाजू अमेरिकेत दिसली, आणि ती तितकीच महत्त्वाची आहे. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या शिपायांना तोच त्रास होत होता. पण अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९६८ च्या रोगसूचीत त्याला स्वतंत्र जागा नव्हती. नाव नाही म्हणून रोग नाही, आणि रोग नाही म्हणून भरपाई नाही! १९७० पासून हे शिपाई एकत्र बसून आपापल्या हकीकती एकमेकांस सांगू लागले. चैम शेटन आणि रॉबर्ट लिफ्टन ह्यांच्यासारखे डॉक्टर त्यांच्यात येऊन बसले, ऐकू लागले. ह्या खटपटीला यश येऊन १९८० च्या सूचीत ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे आघातोत्तर तणावविकार, हे नाव दाखल झाले. ‘तू दुबळा म्हणून खचलास’ असे हे नाव म्हणत नाही. ‘तुझ्यावर जे गुदरले त्याने तू खचलास’ असे म्हणते. नाव नकोच, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. ज्याला झोप नाही, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, त्याला आपल्या दुखण्याचे नाव कळणे हाच पुष्कळदा पहिला दिलासा असतो. औषध, रजा, भरपाई ह्यांची दारे नावावाचून उघडत नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगताना माझ्यासारख्या लाल निशाणाखाली वाढलेल्या माणसाला सुख होत नाही. सोव्हिएत रशियात दोनबासच्या कोळसा खाणींत व्लादिमीर क्लेबानोव नावाचा फोरमन होता. जादा कामाबद्दल आणि खाणीतील सुरक्षिततेबद्दल त्याने तक्रारी केल्या. १९६८ साली त्याला पकडून मनोरुग्णालयात टाकण्यात आले. १९७३ पर्यंत तो सुटला नाही. १९७८ च्या जानेवारीत त्याने सरकारी युनियनबाहेर कामगारांची स्वतंत्र संघटना जाहीर केली आणि लवकरच तो पुन्हा मनोरुग्णालयात गेला. समाज सुधारण्याचा ध्यास हेच रोगाचे लक्षण धरणारी निदाने त्या देशात प्रचारात होती. १९७७ साली होनोलुलू येथे जागतिक मनोविकारतज्ज्ञ संघटनेने ह्या प्रकाराचा निषेध केला, आणि १९८३ मध्ये सोव्हिएत मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ त्या संघटनेतून बाहेर पडले. कामगारांचे म्हणविणाऱ्या राज्यात कामगाराची तक्रार वेडात जमा झाली, हे आपण आपल्या घरच्या हिशेबातही मांडले पाहिजे.

आणि हे दूरदेशीचेच आहे असे नाही. एका कारखान्यातील एक कामगार मानसिक आजाराच्या रजेवरून डॉक्टरचा दाखला घेऊन कामावर परतला. काम पूर्वीसारखेच चोख. पुढे त्याने प्रेसच्या यंत्राला संरक्षक जाळी नाही अशी तक्रार केली. उत्तर आले, ‘त्याची तब्येत तुम्हाला ठाऊकच आहे.’ जाळी आहे की नाही हे पाहावयास कोणी यंत्रापर्यंत गेले नाही. शिक्क्याचा सर्वांत मोठा घाव येथे बसतो. नोकरी टिकते, पगारही मिळतो. पण माणसाच्या शब्दाचे वजन जाते. मग त्याचा राग हा रोग, त्याचे गप्प बसणे हाही रोग. खऱ्या यंत्राबद्दलची खरी तक्रारसुद्धा रोगच!

ह्यावर उपाय काय? एक धडा जपानने घालून दिला आहे. स्किझोफ्रेनियाला तेथे जे नाव होते त्याचा अर्थ ‘मन फाटल्याचा रोग’ असा होता. ते इतके भयंकर वाटे की डॉक्टर रुग्णाला सांगतच नसत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९९३ साली नाव बदलण्याची मागणी केली, आणि २००२ मध्ये तज्ज्ञांच्या संस्थेने ‘मनाचा मेळ बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारले. त्यानंतर दोनतीन वर्षांत, आपला रोग कोणता हे रुग्णाला सांगण्याचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या घरात गेले. मराठीत आपण ह्याच रोगाला ‘छिन्नमनस्कता’ म्हणतो. छिन्न म्हणजे तुटलेले, फाटलेले. हा शब्द ज्यांच्या माथी बसतो त्यांना आपण कधी विचारले आहे काय?

कायद्याने मात्र आपल्याकडे बराच पल्ला गाठला आहे. १९१२ च्या इंग्रजी कायद्याचे नावच ‘ल्युनसी अ‍ॅक्ट’ होते; चंद्राच्या कलांनी वेड लागते ह्या जुन्या समजुतीतून तो शब्द आलेला. १९८७ चा कायदा त्याच्या जागी आला आणि त्याच्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. ह्या कायद्याचे तिसरे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. एखाद्याचा सामाजिक वा आर्थिक दर्जा पाहून, किंवा समाजात रूढ असलेली नैतिक, राजकीय वा कामाविषयीची मूल्ये तो मानीत नाही म्हणून, त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असे ते सांगते. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज तो रुग्ण आहे असेही ठरत नाही. ‘कामाविषयीची मूल्ये’ हे शब्द वाचताना मला कार्टराइटचे गुलाम आणि क्लेबानोवची खाण आठवली.

कलम आले म्हणून शेरा लिहिणाऱ्याचा हात आपोआप थांबत नाही. तो संघटनेने थांबवावयाचा आहे. दाखल्यातील रोगाचे नाव कारखान्याच्या डॉक्टरपलीकडे जाऊ नये. कामावर परतलेल्यास त्याची पूर्वीची जागा मिळावी. आणि तक्रार कोणाची आहे हे पाहण्यापूर्वी यंत्र पाहावे, एवढे करारात लिहून घेणे आपल्या हातचे आहे. करार मात्र कारखान्याच्या फाटकापर्यंतच चालतो. फाटकाबाहेर चाळ आहे, सोयरीक जुळविणारे आहेत, भाड्याने खोली देणारे आहेत, आणि तेथे शेरा लिहिणारे आपण सर्व आहोत. रोगाचे नाव डॉक्टरांनी खुशाल द्यावे. ते त्यांचे काम आहे. बरा होऊन आलेला माणूस बोलू लागला की त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणे, एवढे काम आपले आहे.