गोदेचें पाणी आणि समुद्राची घनता

पावसाळ्यांत नांदेडच्या घाटावर उभें राहून गोदावरीचा लोंढा पाहणाऱ्याच्या तोंडून एक उद्गार हटकून निघतो: 'एवढें पाणी समुद्रांत फुकट चाललें!' लातूरकराच्या तोंडीं तर तो अधिकच साजतो. त्याची मांजरा याच गोदेस जाऊन मिळते, आणि २०१६ सालीं त्याच्या शहरासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ही व्यथा खरी आहे. परंतु तींतील 'फुकट' या शब्दास समुद्रशास्त्राच्या इतिहासाचा आधार नाहीं.

त्या इतिहासाचा आरंभ बॉस्फरसच्या सामुद्रधुनींत झाला. तेथें वरचा प्रवाह काळ्या समुद्राकडून येतो, तर तळचा उलट दिशेस जातो, असें मार्सिली या तरुण इटालियन गृहस्थानें १६७९-८० सालीं कोळ्यांकडून ऐकिलें. एका पेटींत मध्यें पडदा बसवून त्यानें एकीकडे खारें व दुसरीकडे त्याहून गोडें पाणी भरलें, आणि पडद्यास वर व खालीं भोकें ठेविलीं. खारें पाणी खालून गेलें, हलकें वरून परत आलें! इतक्या साध्या साधनानें इतकें मोठें कोडें सुटल्याचीं उदाहरणें शास्त्रांत फार नाहींत.

पुढें १९०१ सालीं डेन्मार्कच्या क्नुडसेननें कोष्टकें प्रसिद्ध केलीं. उष्णता व क्षार मोजले, कीं घनता कळूं लागली. थंडीनें पाणी जड होतें, क्षारानेंहि होतें. सामान्यतः समुद्रजलाच्या हजार भागांत ३५ भाग क्षार असतात, व त्याचा एक घनमीटर गोड्या पाण्याहून सुमारें २५ किलोंनीं जड भरतो. मात्र हीं कोष्टकें मुख्यतः उत्तरेकडील थंड समुद्रांच्या अभ्यासासाठीं झालीं. आपल्या २८ अंशांच्या उबदार समुद्रांत क्षार हजारीं एका भागानें घटला, तर घनमीटरामागें सुमारें पाऊण किलो भार कमी होतो. तेवढ्याच घटीसाठीं उष्णता दोन अंशांहून अधिक वाढावी लागते. म्हणजे येथें सूर्यापेक्षां नदीचा अधिकार मोठा!

बंगालच्या उपसागरांत हें स्पष्ट दिसतें. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण-नौकेवर काम केलेल्या सेवेल यांनीं या पाण्याची उष्णता व क्षारता मोजली. त्यांनींच पुढें १९३३-३४ सालीं अरबी समुद्रांतील मरे मोहिमेचें नेतृत्व केलें. अरबी समुद्रांत बाष्पीभवन फार व नद्या थोड्या, म्हणून क्षार ३६ च्या घरांत. उपसागराच्या उत्तर भागांत पावसाळ्यानंतर तो ३० च्याहि खालीं उतरतो. हा हलका थर खालच्या जड पाण्यांत सहजीं मिसळत नाहीं. वारा घुसळतो, पण वरचेंच. सूर्याची ऊब तेथेंच कोंडून राहते. त्या उबेवर मेघ पोसले जातात, आणि दुर्दैवानें चक्रीवादळेंहि.

या हलकेपणांत सिंहाचा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा, हें मान्य केलें पाहिजे. पण दक्षिणेकडून येणाऱ्या नद्यांत गोदावरीच मोठी. १९७६ सालीं पैठणास जायकवाडी पुरें झालें, नांदेडास विष्णुपुरी झाली. तहानलेल्या मराठवाड्यास तीं हवींच होतीं. तरीहि पुराचें पाणी राजमहेंद्रीच्या खालीं समुद्रास मिळतेंच. ऑक्टोबरनंतर पूर्व किनाऱ्यालगत दक्षिणेस वाहणारा प्रवाह उपसागराचें हें हलकें पाणी वाहून नेतो, लंकेस वळसा घालतो, आणि त्यांतील कांहीं भाग केरळच्या समोरील समुद्रांत पोंचवितो. तेथें उन्हाळ्यांत जो अतिशय उबदार पट्टा तयार होतो, त्याच्या घडणींत शास्त्रज्ञ या पाण्याचाहि हात मानतात. आणि जूनमध्यें मोसमी पाऊस प्रथम उतरतो तो त्याच किनाऱ्यावर.