मोना लिसा

इटालियन प्रबोधनकालातील चित्रकार लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) याचे जगप्रसिद्ध व्यक्तिचित्र. पॉप्लर लाकडाच्या फळीवर तैलरंगात रंगविलेल्या या चित्राचा आकार सु. ७७ × ५३ सेंमी. असून ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. फ्लॉरेन्समधील रेशमाचा व्यापारी फ्रांचेस्को देल जोकोंदो याची पत्नी लिसा हिचे हे चित्र मानले जाते. म्हणून इटलीत ते ‘ला जोकोंदा’ या नावाने ओळखतात.

लिओनार्दोने सु. १५०३ मध्ये ते रंगवायला घेतले. ओठांच्या व डोळ्यांच्या कडांना त्याने रेषा दिलीच नाही. रंगांचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवून उजेड सावलीत विरघळवला. त्यामुळे हसू नेमके कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. पुढे चित्र फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्या संग्रहात गेले व राज्यक्रांतीनंतर लूव्रमध्ये आले.

जाणकारांत चित्राचा लौकिक पहिल्यापासून होता. १५५० मध्ये कलावंतांचा चरित्रकार व्हाझारीने त्याची वाखाणणी केली. एकोणिसाव्या शतकात तेओफील गोत्ये, वॉल्टर पेटर या लेखकांच्या लेखनाने या स्त्रीभोवती गूढतेचे वलय निर्माण केले. सर्वसामान्यांपर्यंत मात्र ती पोहोचली चोरीमुळे. २१ ऑगस्ट १९११ रोजी, सोमवारी, संग्रहालय बंद असताना विंचेंत्सो पेरूजा या इटालियन कारागिराने चित्र पळवले. तो पूर्वी लूव्रमध्येच काचकामाला होता. चोरी उघडकीस आली ती दुसऱ्या दिवशी. वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर चित्राची छायाचित्रे छापली. संशयावरून कवी आपोलिनेरला अटक झाली, चित्रकार पिकासोची चौकशी झाली. संग्रहालय पुन्हा उघडल्यावर भिंतीवरची रिकामी जागा आणि खिळे पाहायलाही लोकांनी गर्दी केली. चित्र मात्र दोन वर्षांहून अधिक काळ पेरूजापाशीच होते. डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्समध्ये ते विकू पाहताना तो पकडला गेला. जानेवारी १९१४ मध्ये चित्र लूव्रमध्ये परतले.

ओळखीचा झालेला चेहरा मग थट्टेलाही उपयोगी पडला. कलावंत मार्सेल द्यूशाँने १९१९ मध्ये या चित्राच्या छापील कार्डावर मिशा व दाढी काढली. १९६३ मधील वॉशिंग्टन व न्यूयॉर्क येथील चित्राच्या प्रदर्शनांना लाखोंनी हजेरी लावली. त्याच वर्षी कलावंत अँडी वॉरहॉलने मोना लिसाच्या पुनरावृत्तींची चित्रे केली. १९७४ मध्ये चित्र टोकिओ व मॉस्को येथे दाखवले गेले.

सध्या ते गोळीरोधक काचेआड आहे. गर्दी आवरेनाशी झाल्याने त्याच्यासाठी स्वतंत्र दालन व वेगळे तिकीट ठेवण्याची योजना फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केली.