नदीचं पाणी घरबसल्या कसं पाहाल? स्लो नेटवर कॅमेरा बसवण्याची सविस्तर माहिती

अंबरनाथ : पावसाळ्यात रात्री मुसळधार सुरू झाली की नदी-ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला एकच काळजी असते, पाणी किती चढलं? मोटर काढायची का? गुरं सोडायची का? ते बघायला अंधारात बॅटरी घेऊन काठावर जाणं हाच यातला सर्वात मोठा धोका. आता काठावर कॅमेरा बसवून हे पाणी मोबाईलवर पाहता येतं. पण शिवारात नेट स्लो, मग कॅमेरा काय कामाचा, असं म्हणून अनेकजण नाद सोडतात. प्रत्यक्षात स्लो नेटवरही हे काम होतं. त्यासाठी व्हिडिओचा हट्ट सोडून ठराविक वेळेने फोटो मागवायचा.

चिखलोली परिसरात याची गरज का?

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधे चिखलोली आहे. अंबरनाथला पाणी देणारं चिखलोली धरण इथलंच. पलीकडे बदलापूर-वांगणी पट्ट्यातून उल्हास नदी वाहते. या पट्ट्यात पाणी किती झपाट्याने चढतं, हे २०१९ साली सगळ्या देशाने पाहिलं. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि इतर पथकांनी हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं.

मोठ्या नदीची पातळी प्रशासन सांगतं. पण आपल्या शेतामागचा ओढा, वाडीकडे जाणारी मोरी, मोटरचा डोह यांची खबर कुणी देत नाही. कॅमेऱ्याचा खरा उपयोग तिथे आहे.

आधी अपलोड तपासा

मोबाईलवर यूट्यूब नीट चालतं म्हणजे कॅमेराही चालेल, असं नाही. यूट्यूब बघताना डेटा आपल्याकडे येतो, त्याला डाउनलोड म्हणतात. कॅमेरा मात्र डेटा बाहेर पाठवतो, ते अपलोड. खेड्यात अपलोडचा वेग बहुतेक वेळा डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो.

म्हणून कॅमेरा घेण्याआधी त्याच जागेवर, त्याच उंचीवर मोबाईल धरून स्पीड टेस्ट करा आणि ‘अपलोड’चा आकडा लिहून ठेवा. एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठ-नऊच्या सुमारास बघा, कारण रात्री सगळं गाव मोबाईलवर असतं. शक्य असेल तर दोन-तीन कंपन्यांची सिम घालून बघा. ज्या सिमचा रात्रीचा अपलोड जास्त, तीच कॅमेऱ्याला.

व्हिडिओ की फोटो? हिशेब बघा

साधारण १ एमबीपीएसचा व्हिडिओ सतत पाठवला तर तासाला ४५० एमबी आणि दिवसाला जवळपास ११ जीबी डेटा जातो. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर तो साडेतीन तासांत संपतो.

आता फोटोचा हिशेब. पाण्याची पातळी कळेल असा लहान फोटो साधारण ६० केबीचा होतो. दर १० मिनिटांनी एक म्हटलं तर दिवसाला १४४ फोटो, म्हणजे सुमारे ९ एमबी. महिन्याला २६० एमबीच्या आसपास. एवढा डेटा कुठल्याही प्लॅनमध्ये बसतो.

आणखी एक गोष्ट. रोजचा डेटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात व्हिडिओ हलतही नाही, पण ६० केबीचा फोटो आठ-दहा सेकंदांत पोहोचतो. रेंजची एकच काडी असली तरी फोटो उशिरा का होईना येतो.

जगातला पहिला वेबकॅमही असाच होता. १९९१ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला, म्हणजे कॉफी शिल्लक आहे का ते जागेवरून न उठता कळावं. चित्र काळं-पांढरं, अगदी लहान, आणि मिनिटाला दोन-तीन वेळाच बदलणारं. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर आलं आणि २००१ पर्यंत चालू होतं. भांडं भरलंय की रिकामं, एवढं कळणं पुरेसं होतं. आपल्यालाही पाणी खुणेच्या वर की खाली, एवढंच बघायचं आहे.

कॅमेरा कोणता घ्यावा?

चार पर्याय आहेत.

१) फोर-जी सिमवाला सोलर कॅमेरा : वायर नको, वीज नको. पण यातले बरेच कॅमेरे एरवी झोपलेले असतात आणि समोर काही हललं तरच जागे होतात. त्यामुळे घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा, ‘ठराविक वेळेने आपोआप फोटो पाठवतो का?’ नसेल तर पुरासाठी उपयोग नाही.

२) ट्रेल कॅमेरा : जंगलात प्राण्यांचे फोटो काढायला वापरतात तो. सिमवाल्या प्रकारात ठराविक वेळेने फोटो पाठवायची सोय बहुधा असते आणि बॅटरी कमी खातो.

३) साधा आयपी कॅमेरा आणि घरातला राउटर : घर काठापासून १०० मीटरच्या आत असेल तर हा सर्वात भरवशाचा. एकाच लॅन वायरमधून वीज आणि नेट दोन्ही जातं, त्याला पीओई म्हणतात. खाली काठावर रेंज नसली तरी चालतं, कारण सिमचा राउटर वर घरात असतो.

४) जुना स्मार्टफोन : कॅमेऱ्याचं अ‍ॅप टाकून चालवता येतो. आधी करून बघायला ठीक. पण बंद डब्यात, उन्हात, सतत चार्जिंगला लावलेल्या फोनची बॅटरी फुगते. कायमचा उपाय म्हणून नको.

बाहेर बसणाऱ्या कॅमेऱ्यावर आयपी ६५ किंवा आयपी ६६ लिहिलेलं हवं. म्हणजे धूळ आणि जोराचं पाणी आत जात नाही. मेमरी कार्डची जागा असेलच असा घ्या. चांगला व्हिडिओ कार्डवर साठतो, नेटवरून फक्त लहान फोटो जातो. नंतर पंचनाम्याच्या वेळी कार्डवरचं चित्रण दाखवता येतं.

सेटिंग काय ठेवावी?

अ‍ॅपमध्ये दोन स्ट्रीम दिसतात, मेन आणि सब. मोबाईलवर बघायला नेहमी सब स्ट्रीम निवडा. कधी थेट व्हिडिओ बघायचाच असेल तर फ्रेम रेट ५ वर आणा आणि एच.२६५ निवडा. जुन्या एच.२६४ पेक्षा त्याला डेटा बराच कमी लागतो. आवाज बंद ठेवा.

हालचाल दिसली की फोटो पाठवणारी सेटिंग पावसाळ्यात बंदच ठेवा. पानं हलतात, पाऊस पडतो, पाणी वाहतं. कॅमेऱ्याला ती सगळी हालचालच वाटते. मग रात्रभर टिंगटिंग वाजत राहते आणि डेटा, बॅटरी दोन्ही संपतात.

घरी बसवणारे काही मेकॅनिक ‘पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो’ म्हणतात. मोबाईल सिमच्या नेटवर ते सहसा चालत नाही, कारण कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देते. कॅमेऱ्याचं स्वतःचं अ‍ॅप वापरा किंवा कॅमेराच फोटो बाहेर पाठवेल अशी सोय करा.

पातळीपट्टी नसेल तर फोटो निरुपयोगी

नुसत्या पाण्याच्या फोटोवरून ते किती चढलं ते कळत नाही. म्हणून समोर पक्का खांब, पुलाचा पाया किंवा मोठा खडक शोधा आणि त्यावर पांढऱ्या-काळ्या ऑइल पेंटने दर अर्ध्या फुटाला खूण करा. मोटर जिथे बुडते तिथे लाल पट्टा मारा. गुरं हलवायची वेळ येते तिथे दुसरा. रात्री इन्फ्रारेड दिव्यात रंग दिसत नाहीत, सगळं काळं-पांढरं येतं, त्यामुळे पट्ट्याशेजारी मोठा आकडाही लिहा. अंधारात पाणी काळंच दिसतं, पण पांढरी पट्टी उठून दिसते. जितकी पट्टी उघडी, तितकं पाणी खाली.

कॅमेरा मात्र पुराच्या जुन्या खुणेपेक्षा बराच वर हवा. जाणत्या माणसांना विचारा, २००५ च्या २६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं. झाडावर बांधू नका, वाऱ्यात चित्र हलतं. भिंगासमोर कोळी जाळं विणतो आणि रात्री दिव्याने ते पांढरंफट दिसतं, म्हणून आठवड्यातून एकदा फडकं मारा.

वीज : पावसातच सोलर दगा देतं

चार वॅटचा कॅमेरा दिवसाला ९६ वॅट-तास वीज खातो. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाच्या बॅटरीत २४० वॅट-तास असतात. त्यातले ८० टक्के वापरले तर ढगाळ हवेत फार तर दोन दिवस चालेल. कोकणपट्टीत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. त्यामुळे पॅनेल आणि बॅटरी उन्हाळ्याच्या हिशेबाने घेऊ नका, दुप्पट घ्या. महावितरणची लाईट असेल तर तीही जोडा आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. खांबाला अर्थिंग आणि वायरला सर्ज प्रोटेक्टर हवाच. पावसात २३० व्होल्टची वायर उघड्यावर नको. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

सर्वात मोठा धोका : जुना फोटो

नेट अडकलं की अ‍ॅप शेवटचा फोटो तसाच दाखवत राहतं. पाणी दोन फूट खाली दिसतं आणि प्रत्यक्षात ते अंगणात आलेलं असतं. म्हणून फोटोवर तारीख-वेळ छापून येईल अशी सेटिंग करा आणि पातळीच्या आधी वेळ बघायची सवय लावा. फोटो अर्ध्या तासापेक्षा जुना असेल तर पाणी चढलंय असंच धरून चाला. गुरं, माणसं हलवा. कॅमेरा का बंद पडला ते बघायला काठावर मुळीच जाऊ नका.

कॅमेरा ही सरकारी इशाऱ्याची जागा घेत नाही. धरणातून पाणी सोडण्याची सूचना, हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की फोटोत पाणी कमी दिसलं तरी हलायचं. मदतीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ आणि आणीबाणीसाठी ११२.

पासवर्ड आणि परवानगी

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारण साधंच, कंपनीने दिलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला.

कॅमेऱ्याचं तोंड फक्त पाण्याकडे ठेवा. बायका कपडे धुतात, आंघोळ करतात तो घाट चौकटीत येता कामा नये. बाईचे खासगी क्षण तिच्या नकळत टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. स्वतःच्या जागेत खांब रोवा. ग्रामपंचायत, नगरपरिषद, जलसंपदा विभाग किंवा रेल्वेच्या हद्दीत लेखी परवानगी घ्या.

थोडक्यात

• जागेवर रात्रीचा अपलोड तपासा.
• व्हिडिओ कार्डवर, फोटो नेटवर. दर १० मिनिटांनी एक.
• पातळीपट्टी आणि तिच्यावर मोठे आकडे रंगवा.
• बॅटरी, पॅनेल पावसाच्या हिशेबाने.
• सिमचं रिचार्ज ३० सप्टेंबरपर्यंत संपणार नाही असं मे महिन्यातच करा.
• मे अखेरीस आठ दिवस चालवून बघा, म्हणजे पहिल्या पावसात धावपळ नको.
• आधी वेळ बघा, मग पाणी.