सुट्या भागांचा संगणक

भाईंदरहून लोकलने ग्रँट रोडला यावे, लॅमिंग्टन रोडवर भाव करून सुटे भाग घ्यावेत आणि घरी स्क्रू-ड्रायव्हरने संगणक जोडावा, हे मीरा-भाईंदरच्या विद्यार्थ्यालाही जमते. पण निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांशी जुळतात कसे?

आयबीएमला आपला स्वस्त वैयक्तिक संगणक वर्षभरात तयार करायचा होता. म्हणून १९८१ च्या या यंत्रात प्रोसेसर इंटेलचा, तर कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. जादा कार्डांसाठी पाच खाचा होत्या आणि सर्किटचे आराखडे कंपनीने पुस्तकात छापले होते. संगणक सुरू करणाऱ्या ‘बायॉस’ या आज्ञावलीचे हक्क मात्र तिने राखले होते. कॉम्पॅक कंपनीने मूळ आज्ञावली न पाहिलेल्या अभियंत्यांकडून तेच काम करणारी नवी आज्ञावली लिहून घेतली आणि १९८३ मध्ये जुळता संगणक विकायला आणला. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्डचा आकार व स्क्रूच्या भोकांच्या जागा ठरवणारे ‘एटीएक्स’ हे मानक जाहीर केले.

म्हणूनच पैसे बेताचे असतील तर जुने एटीएक्स कॅबिनेट ठेवून आतला मदरबोर्ड बदलता येतो. प्रोसेसर आणि रॅम मात्र त्याच्याशी जुळणारी हवी.

शाळेत मोडीत निघालेला संगणक असेल, तर प्लग काढून तो मुलांसमोर उघडा. पॉवर सप्लायची पेटी मात्र उघडू नका. तिच्यातील धारित्रांत विद्युतभार उरलेला असू शकतो. कोणता भाग कोणत्या कंपनीचा, हे मुलांनाच शोधू द्या. हा इतिहास त्यांना त्या पेटीतच वाचता येईल.