सिलिंडरमधले दफ्तर
मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बांधलेल्या फियाट ११०० गाडीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर. परवानाराजच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून झिजलेले इंजिनच पुन्हा उभे केले जाई. मिस्त्री आधी ओव्हरसाइज पिस्टन मोजत, मग त्याच्या मापाने बोअर मारून लंबगोल झालेले भोक पुन्हा गोल करीत. व्यास ०.४ मिलिमीटरने वाढला, की क्षमता सुमारे ११०२ घनसेंटिमीटर होई. मात्र दर बोअरला भिंत पातळ होई. अखेर लायनर बसवून मूळ मापावर परतावे लागे. पिस्टनच्या माथ्यावरचा वाढीव मापाचा आकडा सांगतो, की गाडी किती झिजली आणि तरीही जगवली गेली. इंजिन भंगारात वितळले, की टंचाईच्या काळाचे हे दफ्तरही वितळते.