अंबाजोगाईची शाळा आणि बीडचा मतदार

निवडणूक म्हटली की उमेदवार, पक्ष आणि निकाल एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. स्वतः मत न मागता इतरांच्या मतासाठी झटणाऱ्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. बीड जिल्ह्यापुरता तरी तो एका शाळेपासून सुरू करावा लागतो.

१९३७ साली ब्रिटिश मुंबई इलाख्यात प्रांतिक निवडणुका झाल्या. मताधिकार मर्यादित होता, तरी लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ सत्तेवर आले. शेजारच्या निजामी मुलखात मात्र जाहीर सभा भरवायची तरी सरकारची आगाऊ परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने तो हुकूम मराठवाड्यात कुप्रसिद्ध होता. अशा दिवसांत, १९३५ साली, स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे सहकारी. उर्दू ही राज्यकारभाराची भाषा असताना मराठी शाळा चालविणे हेच मुळी धारिष्ट्याचे काम होते.

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. नागरी स्वातंत्र्य आणि जबाबदार राज्यपद्धती या तिच्या मागण्या. ‘जबाबदार’ हा शब्द आज आपल्याला गुळगुळीत वाटतो. पण कारभाऱ्याने राजाला नव्हे, तर प्रजेच्या प्रतिनिधींना जाब द्यावा, एवढा स्फोटक अर्थ त्यात भरलेला होता. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, बंदी आली. जन्माआधीच गुन्हेगार ठरलेली अशी संस्था विरळाच! मुख्याध्यापकांनी शाळा सोडली, सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत बीडच्या शेतकऱ्याला, मजुराला आणि त्यांच्या घरातील स्त्रीला सारख्याच मोलाचे मत मिळाले. त्या मतदाराने काय केले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अग्रणी; पण बीडने लोकसभेवर पाठविले ते परांजपे यांना, आणि तेही काँग्रेसविरोधी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या वतीने. एकाच शाळेतील दोन शिक्षक निराळ्या वाटांनी गेले आणि मतदाराने आपल्या बुद्धीने निवड केली. स्वामीजी त्या वेळी गुलबर्ग्याहून लोकसभेवर निवडून आले. पुढे १९६७ साली याच जिल्ह्याने साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षातर्फे दिल्लीस धाडले. जातीपातीच्या गणितापलीकडे मतदार जात नाही, असे सांगणाऱ्यांनी हे दोन निकाल जरूर पाहावेत.

तथापि मत मिळणे वेगळे आणि ते निर्भयपणे देता येणे वेगळे. हा भेद ओळखून १९७४ साली जयप्रकाश नारायण यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही संस्था स्थापिली. निवडणूक सुधारणांसाठी तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते सासवडचे सुपुत्र न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे. १९७५ च्या अहवालात समितीने अठरा वर्षांस मताधिकार सुचविला. तो १९८९ मध्ये अमलात आला. मतदारसंघांतून पक्षनिरपेक्ष मतदार परिषदा उभ्या कराव्यात, ही तिची दुसरी सूचना मला अधिक मोलाची वाटते. ती मात्र फारशी कोणी मनावर घेतली नाही. त्याच वर्षी आणीबाणी आली. तुरुंगात गेलेल्यांत अंबाजोगाईचे समाजवादी कार्यकर्ते डॉ. द्वारकादास लोहिया होते.

१९८२ साली लोहियांनी अंबाजोगाईत ‘मराठवाडा नवनिर्माण लोकायत’, म्हणजेच मानवलोक, ही संस्था उभारली. सोबत त्यांच्या पत्नी, लेखिका शैला लोहिया होत्या. संस्थेने हाती घेतले ते माती अडविण्याचे, पाणी जिरविण्याचे आणि स्त्रियांना एकत्र आणण्याचे काम. निवडणुकीशी त्याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. बीडमध्ये तो संबंध अगदी जवळचा आहे.

या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. जिल्हा परिषदेच्या २०१२ आणि २०१७ च्या निवडणुका फेब्रुवारीत झाल्या, ऐन गळीत हंगामात. गावी यायचे तर मजुरी बुडते. उमेदवाराने पाठविलेल्या गाडीत बसावे, तर मताला ओझे होते. ज्या शिवारात पाणी टिकते, तेथील माणसाला मतासाठी कोणाची गाडी लागत नाही.

१९९९ साली स्थापन झालेल्या ‘असोसिएशन फॉर डेमॉक्रॅटिक रिफॉर्म्स’ या संस्थेच्या याचिकेमुळे उमेदवारांना आपली मालमत्ता आणि गुन्हे जाहीर करावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय २००२ आणि २००३ चे. ही प्रतिज्ञापत्रे आता कोणालाही वाचता येतात. पण ती उसाच्या फडावरच्या कोपीत कोण वाचून दाखविणार?

सैनिकाला टपालाने मत देता येते, ऊसतोड मजुराला नाही. स्थलांतरितांना आहे त्या ठिकाणाहून मतदान करता यावे, म्हणून निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना एक नवे यंत्र दाखविण्यासाठी बोलाविले. अनेक विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान झाले, तेव्हाही मत द्यायचे तर ऊसतोड्याला आपल्या गावीच असावे लागले.