डिजॉक्सिन

डिजॉक्सिन : हार्ट फेल्युअर आणि एट्रियल फिब्रिलेशन या विकारांत वापरले जाणारे औषध. ते डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीच्या पानांपासून मिळते. स्टेरॉइडचा सांगाडा, त्याच्या एका टोकाला लॅक्टोन वलय आणि दुसऱ्या टोकाला डिजिटॉक्सोज शर्करेचे तीन घटक, अशी या रेणूची रचना असते.

इतिहास : डिजिटॅलिसच्या पानांनी अंगावरची सूज उतरते, असे इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये रुग्णांच्या नोंदींसह प्रसिद्ध केले. सिडनी स्मिथ यांनी १९३० मध्ये डिजॉक्सिन वेगळे केले. ते ज्या प्रथिनावर काम करते, तो सोडियम-पोटॅशियम पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये शोधला. या शोधासाठी १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

कार्यपद्धती : हा पंप एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन पेशीबाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. डिजॉक्सिन पंपाच्या अल्फा घटकाला बाहेरच्या बाजूने चिकटते आणि त्याचे काम रोखते. औषधी मात्रेत थोडेच पंप बंद पडतात. तेवढ्यानेही पेशीतले सोडियम किंचित वाढते. तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर सोडणारे दुसरे प्रथिन त्यामुळे मंदावते. बाहेर न गेलेले कॅल्शियम सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये साठते आणि पुढच्या ठोक्याला जास्त प्रमाणात सुटते. ते ट्रोपोनिन-सी या प्रथिनाला जोडले गेले की अ‍ॅक्टिन व मायोसिनचे तंतू अधिक जोराने एकमेकांवर सरकतात आणि आकुंचन बळकट होते. शिवाय व्हेगस चेतेचा प्रभाव वाढून एव्ही नोडमधील विद्युत संदेशाचे वहन मंदावते.

विषबाधा : जे कॅल्शियम आकुंचनाला बळ देते, तेच अति झाल्यास दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत आपोआप सुटू लागते आणि घातक अनियमित ठोके पडतात. मळमळ, उलट्या, पिवळसर दिसणे ही इतर लक्षणे. पंपावर पोटॅशियम व डिजॉक्सिन यांची स्पर्धा असते. म्हणून फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरले की नेहमीची मात्राही बाधू शकते. औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने क्रिएटिनिनकडेही लक्ष ठेवावे लागते. गंभीर बाधेत डिजॉक्सिनला पकडून ठेवणारे प्रतिपिंडांचे तुकडे शिरेतून देतात. कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) यांतील विषेही हाच पंप रोखतात, त्यामुळे बिट्टीच्या बाधेतही हा उतारा उपयोगी पडतो.

आजचे स्थान : १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीआयजी चाचणीत ६,८०० रुग्ण होते. डिजॉक्सिनने हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले, मृत्यूंचे एकूण प्रमाण मात्र बदलले नाही. बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि एसजीएलटी-२ रोधक ही औषधे आयुष्य वाढवतात, म्हणून त्यांना पहिले स्थान मिळते. त्यांच्यानंतरही लक्षणे टिकून राहिली किंवा एट्रियल फिब्रिलेशनमध्ये नाडीचा वेग आवरायचा असला, तर कमी मात्रेत डिजॉक्सिन जोडतात.